गडद कापड

शिंप्याच्या दुकानात तीन मशिनं होती. थोरल्या लेकीच्या मशिनवर फक्त काळं, चॉकलेटी किंवा गडद निळं कापड यायचं. गडद कोट हिच्यासारखे कुणालाच जमत नाहीत, असं बाबा गिऱ्हाइकांना मोठ्या तोऱ्यात सांगत. खरं कारण एवढंच, की सुई टोचली तर तिचं रक्त दुपारपर्यंत ठिपकत राही आणि गडद कापडावर ते दिसत नसे. मुलीचं रक्त थांबवण्यापेक्षा ते लपवण्यात या घराची सगळी हुशारी खर्ची पडली होती.

दोन महिन्यांपूर्वी मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सगळं समजावलं होतं. रक्त गोठण्यासाठी लागणारा एक घटक हिच्यात जवळजवळ नाहीच. दोष अर्धा आईकडून आला, अर्धा वडिलांकडून. दोघंही स्वतः धडधाकट असतात. दात काढायचा असो की बाळंतपण, आधी सांगा, त्यावर इंजेक्शन आहे. बाबांनी त्यातलं 'आईकडून' एवढंच ऐकलं. घरी येऊन बायकोच्या माहेराचा उद्धार केला आणि रिपोर्ट मापाच्या कागदांखाली कोंबला.

आता थोरलीची दाढ ठणकत होती. दातांचा डॉक्टर निघाला तिचं लग्न ज्याच्याशी ठरत आलं होतं त्या मुलाचा मामा. तिथे चकार शब्द काढायचा नाही, असं बाबांनी बजावलं. एका दाताने कोणी मरत नाही म्हणे.

तेव्हा काज करत बसलेल्या आईने मान वर केली. भिंतीवर आत्याचा फोटो होता. आत्या तापाने गेली, असं सगळ्यांना पाठ होतं.

"ताप नव्हता," आई म्हणाली. "बाळंतपणात रक्त थांबलं नाही. चादरी मी धुतल्यात."

बाबा टेपची गुंडाळी करत राहिले. सख्खी बहीण गेली, तरी या माणसाला भीती होती ती लोकांची. थोरलीला त्यांची प्रथमच किळस आली. तिने त्यांच्यादेखत रिपोर्ट काढून पिशवीत टाकला. मामांसमोर बोलायची हिंमत हिला होणार नाही, अशी बाबांची खात्री होती.

दवाखान्यात मामांनी विचारलं, काही आजार वगैरे?

"छे, ठणठणीत आहे," बाबा म्हणाले.

"बाबा खोटं बोलतायत," थोरली म्हणाली आणि रिपोर्ट पुढे केला.

मामांनी दोनदा वाचला आणि हातातला चिमटा खाली ठेवला. हा दात मोठ्या दवाखान्यातच काढायचा, असं त्यांनी बजावलं. संध्याकाळी त्यांच्याच घरून लग्नाला नकार आला. नाक कापलंस, म्हणून बाबांनी अबोला धरला. घरात तेवढीच शांतता झाली.

दाढ मोठ्या दवाखान्यात, आधी इंजेक्शन देऊन, नीट निघाली. पुढच्या आठवड्यात थोरलीने पांढरं कापड मशिनवर घेतलं. बाबांची चुलत बहीण कोट न्यायला आली होती. आज पांढरं कसं, तिने हसत विचारलं. थोरलीने सगळं सांगितलं, आजाराच्या नावासकट, आत्यासकट. बाबा कात्री शोधायच्या निमित्ताने आत गेले.

चुलत आत्याने हातातला कोट मशिनवर ठेवला.

"माझी पहिली मुलगी आठ दिवसांची होऊन गेली," ती म्हणाली. "नाळेतून येणारं रक्त थांबेना. आम्हीही तापच सांगितला."