ग्रहण पाहिलेला एक्स-रे

मी एक एक्स-रे बोलतोय. हातात धरला की फडफडतो. माझ्यात एका माणसाच्या डाव्या मांडीचं हाड आहे, मधोमध तुटलेलं. वरच्या कोपऱ्यात त्या माणसाचं नाव आणि तारीख आहे, एप्रिल १९९५ची.

तो माणूस म्हणजे प्रभाकरराव. आंजी मोठी या गावात त्यांचं कापडाचं दुकान. मुलाच्या, योगेंद्रच्या, लग्नाच्या पत्रिका वाटायला ते लुनावर निघाले होते. वळणावर मागून एक मोटार भरधाव आली आणि पत्रिका रस्ताभर पसरल्या. दोन तासांनी वर्ध्याच्या दवाखान्यात, एका अंधाऱ्या खोलीत, माझा जन्म झाला. इतरांच्या जन्माला पेढे वाटतात. माझ्या वेळी त्यांची बायको, शोभाबाई, पदर तोंडाला लावून बसल्या होत्या.

लग्न ठरल्या दिवशीच झालं. नवऱ्यामुलाचा बाप खुर्चीत, पाय प्लास्टरमध्ये. मांडवात दोघी-तिघी नव्या सुनेच्या पायगुणाबद्दल कुजबुजल्या. प्रभाकररावांनी ते ऐकलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पत्रिका वाटाले मी गेलतो, मोटार त्यानं चालवली. पोरीचा पाय मधात कुठून आला?"

ती पोरगी म्हणजे अंजू. पुलगावची. बोलणं कमी, बघणं जास्त. मला हे तेव्हाच कळलं, कारण घरातल्या-बाहेरच्या माणसांपैकी मला सरळ धरणारी ती एकटीच. बाकीचे मला खिडकीशी उलटा धरायचे आणि "अरेरे, लय तुटलं" म्हणायचे. एका काकांनी तर गुडघा पाहून खुबा निखळल्याचं सांगितलं होतं.

हाड जुळलं, पण वाकडं. नागपूरला आणखी एक ऑपरेशन केलं तर पाय सरळ होईल, असं डॉक्टर म्हणाले. आधीच्या दवाखान्यातच घर रिकामं झालं होतं. म्हणून वर्ध्याच्या कृष्णकांत वकिलांनी मोटारमालक आणि विमा कंपनीवर नुकसानभरपाईचा दावा लावला. भरपाई मिळाली तर प्रभाकरराव चालणार, नाही तर ती खाट आणि ती खिडकी. वकिलांनी मला पाकिटात घालून बजावलं, "साक्षीदार फिरतात, हा फिरत नाही. याले जपा."

मला कपाटावर जपून ठेवलं गेलं. दिवाळीपर्यंत.

त्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच सूर्यग्रहण होतं. शोभाबाईंनी दह्यादुधात तुळशीची पानं टाकली, खिडक्या लावल्या. घरातल्या कुणी गिरण पाहिलं तर यांचा पाय कधीच नीट होणार नाही, असं सांगून त्या देवघरात जपाला बसल्या. अंजू माजघरात उभी होती. लावलेल्या खिडकीच्या फटीतून उजेडाची एक रेघ फरशीवर पडली होती, नेहमीपेक्षा मळकट. ती त्या रेघेकडे पाहत होती, आणि खाटेवरून प्रभाकरराव तिच्याकडे.

"पाहाचं हाय काय?" त्यांनी हळूच विचारलं.

"आई रागावतील, मामाजी."

"तिले सांगते कोन? थो एक्स-रे आन. अन् दुकानातली कात्री."

मला वाटलं, दोघं आळीपाळीनं पाहतील. पण कापडवाल्याचा हात. गिऱ्हाईक दोन, तर तुकडे दोन. खर्रर्र करून त्यांनी मला आडवा कापला. वरचा तुकडा तिला, खालचा स्वतःला. मग तिच्या खांद्याचा आधार घेत, लंगडत मागच्या दारात आले.

तेव्हापासून मी दोन ठिकाणी आहे. आमच्यातून सूर्य पाहणं डोळ्यांना घातक असतं, हे त्या दोघांना कुणी सांगितलं नव्हतं. तुम्हाला मी सांगतोय, असं करू नका. पण चंद्रकोरीसारखा सूर्य पाहून ती सून त्या घरात पहिल्यांदा आवाज करून हसली, तेही मी ऐकलं. खालचा तुकडा पाकिटात परत गेला. वरचा तिनं साड्यांच्या घडीत, पेटीच्या तळाशी ठेवला. मामाजींना वाटलं, भीतीनं तिनं तो चुलीत टाकला असेल.

पुढच्या वर्षी कोर्टाची तारीख लागली. त्या सकाळी वकिलांनी पाकीट उघडलं आणि खालीच बसले. माझ्या उरलेल्या तुकड्यावर तुटलेलं हाड होतं, पण ते कुणाचं, कधीचं, हे लिहिलेलं नव्हतं. नाव आणि तारीख वरच्या तुकड्यावर गेली होती.

विमा कंपनीच्या वकिलानं नेमकं तिथंच बोट ठेवलं. प्रभाकरराव लहानपणी बैलगाडीवरून पडले होते, लंगडणं तेव्हाचंच आहे, असं त्याचं म्हणणं. माझा तुकडा वर धरून त्यानं विचारलं, हे हाड तुमचं कशावरून? बाकीचा एक्स-रे कुठं आहे? कुणी कापला?

"म्या कापला."

"कशासाठी?"

प्रभाकरराव पिंजऱ्यात काठीवर रेलून उभे होते. खोटं बोलणार नाही अशी शपथ त्यांनी नुकतीच घेतली होती. समोर बाकावर शोभाबाई, शेजारी अंजू. त्यांनी दोघींकडे पाहिलं आणि मान खाली घातली. खरं सांगावं तर सून सापडणार, न सांगावं तर ती खाट आणि ती खिडकी.

माझा दुसरा तुकडा तेव्हा अंजूच्या पर्समध्ये होता. आदल्या दिवशी तिनं तो गुपचूप ठेवला होता, पण सासूसमोर काढायचा कसा, हे तिला कळलं नव्हतं. आता तिनं पर्स उघडली. शोभाबाईंना आधी माझं टोक दिसलं, मग नवऱ्याचं नाव. मग मागच्या दिवाळीची सगळी सकाळ त्यांच्या लक्षात आली. मी वाट पाहत होतो, या आता काय म्हणतात.

त्यांनी सुनेला कोपरानं ढोसलं. "बसली काऊन? उठ. नेऊन दे."

अंजू उठली. कृष्णकांत वकिलांनी तो तुकडा दाखल करायची परवानगी मागितली. न्यायाधीशांनी मग प्रभाकररावांनाच पुन्हा विचारलं, कशासाठी कापला?

"साहेब, सुनेले गिरण पाहाचं होतं. घरात काळी काच नोयती."

न्यायाधीशांनी दोन्ही तुकडे खिडकीशी धरले. हाडाला हाड लागलं, कापलेली कड कडेला लागली, नाव वर, मोड खाली. पुरावा म्हणून त्यांनी माझ्यावर निशाणी क्रमांक घातला. आयुष्यात मला एवढा मान कधी मिळाला नव्हता.

निकाल लागायला दोन वर्षं गेली, पण भरपाई मंजूर झाली आणि नागपूरचं ऑपरेशनही झालं. मी कोर्टातून परत आलो त्या दुपारी अंजूनं मला चिकटपट्टीनं जोडलं. शोभाबाई तांदूळ निवडत समोर बसल्या होत्या. इतक्या दिवसांत त्या विषयावर एक शब्द बोलल्या नव्हत्या. खाली पाहतच म्हणाल्या, "तुमी दोघंच गेले पाहाले. मले काऊन नाई बोलावलं?"

त्याला आता दहा वर्षं होत आली. माझे कोपरे पिवळे पडलेत, चिकटपट्टी सुटत चालली आहे. हल्ली एक्स-रे कॉम्प्युटरवर दिसतात म्हणे, त्यांना कात्रीचं भय नाही. माझ्यातलं हाड अजून तुटलेलंच आहे आणि तसंच राहणार. मला आता कुणी जोडू नये, खाली काढूही नये. मी कपाटावर पडून असतो. सकाळी नऊला प्रभाकरराव दुकानाकडे निघतात, आणि त्यांच्या चपलांचा आवाज अंगणातून जातो, एक जरा जोरात, एक जरा हळू. तो रस्त्याला लागेपर्यंत मी ऐकत राहतो.