आख्तेनं छातीवर लावलेला बिल्ला

बोटभर उंचीचा, शिसं आणि कथील वितळवून ओतलेला एक बिल्ला तुमच्याशी बोलतोय, मित्रांनो. माझ्या जन्माला सहाशे वर्षं उलटून गेली. माझं रूप सांगताना लोक खाली बघतात, म्हणून मीच सांगतो. मी म्हणजे हातपाय फुटलेली बाईची योनी. डोक्यावर यात्रेकरूची रुंद टोपी, एका हातात काठी, दुसऱ्यात जपमाळ.

मला घडवलं बार्टेनं. युरोपात, स्हेल्डे नदीकाठी, चर्चच्या भिंतीला टेकून तिचं दुकान होतं. नवरा गेल्यावर त्याची भट्टी तीच चालवायची. त्याच भट्टीवर ती मेरीमातेचे बिल्ले ओतायची आणि माझ्यासारखेही. मेरीमातेला लोक कपाळाला लावून घेत. आम्हाला पुरुष घेत, ते हसायला. बाई यात्रेला निघाली म्हणजे देवासाठी थोडीच निघाली, असं त्या हसण्याचं म्हणणं. बार्टेला ते कळत होतं. "भट्टीला लाज नसते," असं म्हणून ती पुढचा बिल्ला साच्यातून काढायची.

मला विकत घेतलं हेरिंग मासे पकडणाऱ्या होडीवरच्या चौघांनी, आपल्या सोबत्याची, गिलिसची थट्टा करायला. गिलिसच्या बायकोचं नाव आख्ते. तिची तीन बाळंतपणं झाली होती आणि तिन्ही लेकरं आठवड्याच्या आत गेली होती. आता तिला चौथ्यांदा दिवस गेले होते. चार दिवसांच्या वाटेवर मेरीमातेचं ठाणं होतं. हे लेकरू जगावं म्हणून तिथं चालत येईन, असा नवस ती बोलली होती.

गुत्त्यात दोस्तांनी मला गिलिसच्या सणाच्या टोपीला टोचलं.

"बघ, निघाली तुझी बायको यात्रेला," एक म्हणाला.

"काठी पण घेतलीय. कुणाची ते विचारलंस का रे?" दुसरा म्हणाला.

गिलिसही हसला. घरी आल्यावर मात्र म्हणाला, "कुठं जायचं नाही. गावात माझं हसं होतंय."

"तुमचं हसं होतंय," आख्ते म्हणाली. "माझी तीन पोरं मातीत आहेत."

त्यानं टोपी खुंटीला अडकवली आणि पाठ फिरवली.

सकाळी तो होडीवर गेला. आख्तेनं मला टोपीवरून काढलं आणि बराच वेळ बघत राहिली. आता ही मला चुलीत टाकणार, असं मला वाटलं. तिनं मला झग्याच्या टोकानं पुसलं आणि उघड्यावर, छातीवर लावलं.

वाटेत बार्टेनं तिला हाक मारली. "अगं, झाक ते. डोकं फिरलं का तुझं?"

"का झाकू, मावशी? तूच घडवलंस ना? माझी तिन्ही पोरं हिच्याच वाटेनं आली. नवस हिच्यासाठीच आहे. मग यात्रेलाही हीच जाणार."

 माझ्याकडे बघून न हसलेली आख्ते ही पहिलीच.

नदी ओलांडण्याआधीच कोतवालानं तिला धरलं. पंचांपुढे उभी केली.

"हे घाणेरडं कुठून आणलंस?"

"नवऱ्याच्या टोपीवरून."

सगळे हसले. पंचांपैकी एकाच्या टोपीवर पंख फुटलेलं पुरुषाचं लिंग होतं, माझ्यासारखंच शिशाचं. त्याबद्दल कुणी काही विचारलं नाही. गिलिसला बोलावलं. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "तो बिल्ला माझा नाही." आख्तेनं त्याच्याकडे एकदाच पाहिलं. पुन्हा पाहिलं नाही.

शिक्षा म्हणून रविवारी प्रार्थना संपल्यावर तिच्या गळ्यात साखळीनं दोन दगड अडकवले. सगळ्यांना दिसावं म्हणून मला छातीवरच ठेवायचा हुकूम होता. चर्चभोवती तीन फेऱ्या. पोरं माशांची मुंडकी फेकत होती. दुसऱ्या फेरीत साखळीखाली माझी काठी वाकली. तिला दगड सावरता येत नव्हते, कारण दोन्ही हातांनी ती पोट धरून चालत होती.

नवव्या दिवशी अवेळी कळा सुरू झाल्या. मुलगा झाला, पण रडला नाही. दुपार सरायच्या आत आख्तेही गेली.

तिला न्हाऊ घालायला बार्टे आली. आख्तेची मूठ उघडली तर आत मी होतो. गिलिस दाराबाहेर बसला होता. "फेकून दे ते," एवढंच म्हणाला.

बार्टे मला नदीवर घेऊन गेली. तिथं उभी राहून रडली. "साचा फोडीन म्हणते," ती मला म्हणाली, "पण परवा जत्रा आहे." मग तिनं मला पाण्यात सोडलं.

गाळात मी शेकडो वर्षं पडून होतो. बोटींच्या धक्क्यासाठी खणताना मजुरांना सापडलो, ते आधी हसले. आता मी संग्रहालयातल्या एका खणात आहे. बघणारे अजून एकमेकांना कोपरानं ढोसतात. माझ्याशेजारच्या चिठ्ठीवर लिहिलंय: 'अश्लील बिल्ला. वापरणारा बहुधा पुरुष.'

मित्रांनो, मला घासूनपुसून चकचकीत करू नका, माझी वाकलेली काठीही सरळ करू नका. एवढंच करा, ती चिठ्ठी बदला. तिच्यावर आख्तेचं नाव लिहा, आणि ती यात्रेला निघाली होती असंही लिहा.