उंटाचे कागद

शेवटच्या खोक्यातला शेवटचा गठ्ठा सरांनी टेबलावर घेतला आणि त्याची गंजलेली टाचणी नखानं हळूच सैल केली. टाचणी निघाली, कागदावर तपकिरी डाग ठेवून. चष्म्याच्या दुकानाची पावती, कुठल्याशा परिषदेचं निमंत्रण, दातांच्या डॉक्टरची चिठ्ठी. सरांनी एकेक कागद उलटून पाहिला, कोरी बाजूसुद्धा. मग ते खुर्चीत मागे टेकले आणि चष्मा काढून डोळे चोळत राहिले.

"संपलं?" पलीकडच्या टेबलावरून संग्रहपालबाईंनी विचारलं.

"संपलं."

"सुटलात म्हणायचं, सर. मी तर त्या अक्षरापुढे हातच टेकले होते."

सर नुसते हसल्यासारखे झाले.

विद्यापीठाच्या ग्रंथालयाचं हे तळघर होतं. भिंतीला लागून लोखंडी फडताळं, त्यांवर राखाडी खोकी, कोपऱ्यात हवेतली ओल ओढून घेणारं एक यंत्र दिवसभर घरघरत असलेलं. उन्हाळ्यातही इथे स्वेटर लागायचा. बाई नोकरीला नवीन होत्या. एका दिवंगत संशोधकाचे खासगी कागद संग्रहात आले होते आणि त्याचं अक्षर कोणालाच लागत नव्हतं, म्हणून त्यांनी शिलालेखांचं जन्मभर काम केलेल्या या निवृत्त प्राध्यापकांना फोन केला होता. बाईंचं वाक्य पुरं व्हायच्या आत सर 'येतो' म्हणाले होते.

त्या अक्षराची सरांना सवय होती. वसतिगृहात तो संशोधक आणि सर एका खोलीत राहत. तो उंच, मान पुढे काढून चालायचा, म्हणून सगळे त्याला उंट म्हणत. सरांचं अक्षर मोत्यासारखं, म्हणून त्यानं सरांचं नाव कारकून ठेवलं होतं. सुट्टी लागली की दोघं शिळा शोधत रानोमाळ हिंडायचे. अशाच एका हिंडण्यात शेताच्या बांधावर उलटा पडलेला एक दगड त्यांना सापडला. शेवटची ओळ पार झिजलेली. सरांनी दुपारभर गुडघ्यांवर बसून, बोटांनी चाचपत, ती ओळ लावली. पुढच्या वर्षी लेख छापून आला तो एकट्या उंटाच्या नावानं. तळटीपेतही कारकुनाचा उल्लेख नव्हता.

"वाचलंस तू, पण अर्थ मी लावला," उंट म्हणाला होता. दोघांमधलं ते शेवटचं बोलणं.

त्यानंतर जे काही झालं ते छापून झालं. सरांनी खंडन लिहिलं, उंटानं त्याचं खंडन केलं. वर्षानुवर्षं हेच. विद्यार्थ्यांचे तट पडले. परिषदांमध्ये आयोजक दोघांना वेगवेगळ्या सत्रांत टाकायची काळजी घ्यायचे. आता त्यातलं कोणाच्या लक्षातही नव्हतं. बाईंना तर त्या भांडणाचा गंधही नव्हता, आणि सरांनीही तो लागू दिला नव्हता.

आपण एका अभ्यासकाचं काम मार्गी लावतो आहोत, असं सर स्वतःला सांगत आले होते. खरं म्हणजे पहिल्या दिवसापासून ते आपलंच अक्षर शोधत होते. उंटानं आयुष्यात काही टाकून दिलेलं नव्हतं. ज्यांनी त्याला एकदाच पत्र लिहिलं तेही या खोक्यांत होते. नोकरी मागणारे, रागावलेले प्रकाशक, चुकीच्या पत्त्यावर आलेलं लग्नाचं आमंत्रणसुद्धा. फक्त कारकून नव्हता. तारुण्यातली पत्रं नाहीत, खंडनांचे लेख नाहीत, त्यांवर मारलेल्या लाल पेन्सिलीच्या रेघा नाहीत. आणि ते शेवटचं पत्रही नाही. उंट जायच्या आधी सरांनी मोठ्या मुश्किलीनं लिहिलेलं, अर्ध्या पानाचं. वाद पुरे झाला, एकदा भेटू. त्याला उत्तर आलं नाही. उंट गेल्याचं त्यांनी वर्तमानपत्रात वाचलं.

ते पाकीट फोडलं गेलं होतं की नाही, एवढंच त्यांना पाहायचं होतं.

द्वेष त्यांनी पचवला असता. त्याची सवय होती, एका परीनं आधारही होता. आपण त्या घरात नव्हतोच, हे मात्र कसं पचवायचं ते त्यांना उमगेना.

दुपारी उंटाची बायको देणगीपत्रावर सही करायला आली. बाई तिला हाताला धरून जिन्यानं खाली घेऊन आल्या. सर उठून उभे राहिले. ती वाकली होती, केस पार विरळ झाले होते, पण मान वर करून पाहायची पद्धत तीच, भांडणाआधी त्यांनी पाहिलेली.

"भावोजी," ती म्हणाली. "इथे थंडी फार आहे. तुम्हाला सोसते?"

"सोसते. बसा, वहिनी."

"अरे, तुमची ओळख आहे," बाई म्हणाल्या. "बरंच झालं. मी वरून कागद छापून आणते. साक्षीदार म्हणून सरच सही करतील, चालेल ना?"

बाईंची पावलं जिन्यावर विरली. वहिनी खोक्यांकडे पाहत होती.

"एवढ्यात मावले हे?"

"मावला."

"घरात तर कपाटं पुरत नव्हती." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "तुम्ही सगळं पाहिलंत?"

"सगळं."

"मग तुम्हाला कळलं असेल."

सरांनी समोरचा गठ्ठा सरळ केला.

"तुमचं काही सापडायचं नाही त्यात," ती म्हणाली. "मी काढलं. परसात बसून जाळलं सगळं. ह्यांना पहिला झटका आला ना, तेव्हा."

"तुम्ही?"

"मग कोण? हे कशाला जाळतील? ह्यांनी तर तुमचा एक वेगळा खणच केला होता. तुमचं काही छापून आलं की घरात सुतक आल्यासारखं व्हायचं. जेवण नाही, झोप नाही, रात्रभर येरझाऱ्या. मी म्हणायची, अहो, एका दगडापायी किती जीव जाळायचा? तर माझ्यावर ओरडायचे." ती थांबली. "डॉक्टरांनी सांगितलं, आता त्रास होता कामा नये. हे दवाखान्यात होते. मी खण रिकामा केला."

"त्यानं विचारलं नाही?"

"विचारलं. सांगितलं, वाळवी लागली. एक शब्द बोलले नाहीत. त्यांना कळलं असणार, भावोजी. खणाला वाळवी लागते आणि कपाटाला लागत नाही, हे पटण्याएवढे काही ते साधे नव्हते."

सरांनी टेबलावरची टाचणी उचलली, बोटात फिरवली, परत ठेवली.

"वहिनी, मी एक पत्र पाठवलं होतं. शेवटी शेवटी."

"आलं होतं."

"मग?"

"तेव्हापासून टपाल मीच घ्यायची. उघडलं मी. वाचलं." तिनं पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. "चांगलं लिहिलं होतंत तुम्ही. मला रडू आलं."

"आणि दिलं नाहीत."

"नाही दिलं."

"का? त्यात तर भांडण नव्हतं."

"म्हणूनच." तिचा आवाज चढला नाही. "दिलं असतं तर हे तसेच उठून तुमच्याकडे निघाले असते. पायात चपलासुद्धा घातल्या नसत्या. दार ते अंगण एवढं चालले तरी धाप लागायची तेव्हा. वाटेत काही झालं असतं म्हणजे? मला हवे होते हो ते. थोडे दिवस का होईना. तुम्हाला भेटून झाल्यावर माझ्या वाट्याला काय राहिलं असतं?"

सर खिडकी शोधल्यासारखे वळले, पण तळघराला खिडकी नव्हती. तिथे भिंत होती आणि भिंतीवर तापमानाची नोंद लटकत होती. ते त्या नोंदीकडेच पाहत राहिले.

"रागवा," ती म्हणाली. "तुमचा हक्क आहे."

काही बोलायला म्हणून त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात बाई कागद घेऊन खाली आल्या. चहाही आणला होता त्यांनी, तीन पेले. त्यांनी खुर्ची ओढली आणि देणगीपत्र मोठ्यानं वाचायला घेतलं. एरवी कोणी वाचत नाही, म्हणाल्या, पण ऐकलेलं बरं. संग्रह आजपासून विद्यापीठाच्या मालकीचा. अभ्यासकांसाठी खुला. आणि मग, "हा संग्रह संपूर्ण असून, माझ्या माहितीप्रमाणे त्यातला कोणताही कागद काढून घेतलेला अथवा नष्ट केलेला नाही."

वहिनीनं पेन हातात घेतलं होतं. ते कागदापासून बोटभर वर थांबलं.

"इथे करायची, आजी. ह्या रेघेवर," बाई म्हणाल्या.

पेन हललं नाही. वहिनी कागदाकडे पाहत होती, सरांकडे नाही. झिजलेल्या एका ओळीसाठी ज्या माणसानं अर्धा जन्म भांडण केलं, तो समोर बसला होता, आणि त्याच्या तोंडून आता काय निघणार हे तिनं जणू आधीच मान्य केलं होतं.

"करा सही, वहिनी," सर म्हणाले. "बरोबर आहे ते. मी सगळं पाहिलंय."

तिनं सही केली. वेळ लागला. मग सरांनी कागद आपल्याकडे ओढला आणि साक्षीदाराच्या जागी, आपल्या त्या मोत्यासारख्या अक्षरात, पूर्ण नाव लिहिलं. शाई वाळेपर्यंत ते त्याच्याकडे पाहत बसले.

तिला गाडीपर्यंत सोडायला ते जिना चढून वर आले. बाहेरचं ऊन डोळ्यांना सहन होईना. गाडीत बसल्यावर तिनं काच खाली केली.

"रोज दुपारी विचारायचे," ती म्हणाली. "टपालात काही आलं का? मी म्हणायची, नाही. कोणाचं, ते कधी म्हणाले नाहीत."

सरांनी मान हलवली. चालकाला म्हणाले, "सावकाश ने बाबा, खड्डे आहेत." गाडी फाटकाबाहेर वळली तरी ते तिथेच उभे होते. मग कठड्याला धरून एकेक पायरी खाली उतरले.

बाई खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होत्या.

"सर, सूचीच्या सुरुवातीला त्यांचा परिचय लागेल. दोनेक पानं. तुम्हीच द्या लिहून."

"देतो."

"आजींना तुम्ही वहिनी म्हणालात. म्हणजे तुमची त्यांची चांगलीच ओळख असणार. मला कधी बोलला नाहीत."

सरांनी खुर्चीवरचा स्वेटर उचलला आणि अंगात चढवायला घेतला. एक बाही सापडेना. बाईंनी पुढे होऊन ती धरली.

"एका खोलीत राहायचो," ते म्हणाले.

"अरे वा. मग ते परिचयात यायलाच हवं."

"नको," सर म्हणाले. "ते राहू दे."