खिल्लारे अनुमान

एसटी साखऱ्याच्या फाट्यावर थांबली तरी ऐश्वर्या जागची हलली नाही. कंडक्टरनं हाक मारली तेव्हा दचकून उतरली, आणि गावाकडं चालताना पुन्हा तेच घोळवत राहिली. सरांना सांगायचं कसं?

शेषराव खिल्लारे हे फंक्शनल ॲनालिसिसमधलं मोठं नाव. अनंत मिती असलेल्या अवकाशांचं हे गणित. तरुणपणी त्यांनी त्यात नवी वाट पाडली, पार पोलंडमध्ये व्याख्यानं दिली, आणि मुंबईची नोकरी सोडून हिंगोलीच्या कॉलेजात शिकवायला आले. मजुरांची लेकरं त्यांच्या हाताखाली पीएचडी झाली. ऐश्वर्या त्यातली शेवटची. आता सर निवृत्त होऊन साखऱ्याला राहत होते आणि ती त्याच कॉलेजात शिकवत होती. सरांनी मांडलेलं एक विधान 'खिल्लारे अनुमान' म्हणून जगभर गाजलेलं. सिद्ध करता कुणालाच आलं नव्हतं, पण ते खरंच असणार असं धरून लोकांनी केवढं तरी काम उभं केलं होतं. गेल्या आठवड्यात ऐश्वर्याला ते खोटं ठरवणारं उदाहरण सापडलं. तेव्हापासून तिला धड घास गेला नव्हता.

"एवढी सुकली काहून गं?" सरांच्या पत्नी पद्माबाईंनी चहा देताना विचारलं.

"काही न्हाई, काकू."

ओसरीतल्या फळ्यापाशी सर बसले होते. "सर, तुमचं अनुमान..." एवढं म्हणून ती अडकली. मग खडू उचलून लिहायलाच लागली.

सरांनी मध्येच एका ओळीवर थांबवलं. "हे कशावरून?" तिनं दाखवलं. शेवटच्या ओळीनंतर त्यांनी चष्मा काढला.

"जाय आता. बस हुकंन."

नंतर त्यांनी फोनही उचलला नाही. आपण घाई केली का, या विचारानं ऐश्वर्या वर्गात शिकवताना चुकू लागली.

आणि एका सकाळी सर स्टाफरूमच्या दारात उभे. पहिल्या बसनं आले होते.

"झोप लागून न्हाई राहिली," ते म्हणाले. "एक अट जास्त घातली तर टिकतंय का, पाह्य."

"तुमाला वाईट वाटलं ना, सर?"

"वाटलं. तीस वर्षं लोकायला खोट्यामागं पळवलं मी."

"त्या पळण्यातूनच नव्या पद्धती निघाल्या, सर. माझं उदाहरण त्यांच्यावरच उभं हाय."

"मला समजावू नको. पेपर धाड. नाव तुझं एकटीचं."

त्यांनी भिंतीवरच्या फळ्यावर नवी अट लिहिली. ऐश्वर्याच्या तासाची घंटा झाली, पण तिचा पाय निघेना. अट अपुरी पडते हे तिला लगेच दिसलं होतं.

"सर, हे टिकणार न्हाई."

"काहून?" म्हणत शेषरावांनी खुर्ची पुढं ओढली.