न प्यायलेली कॉफी

लुवैब्दे टेकडीच्या चढावर गाड्या लावायला जागा उरली नाही, तेव्हाच डॉक्टर नायेफनं ओळखलं. आले! ठेकेदाराच्या पोरानं त्याच्या लेकीच्या, लुजैनच्या अंगावर गाडी घातली, तिचा पाय मोडला, आणि आता तडजोड मागायला निम्मं प्रतिष्ठित अम्मान त्याच्या दिवाणखान्यात! संपादक, कवी, विद्यापीठातले लोक. सगळ्यांच्या पुढे कोण, तर अबू गस्सान, त्याचे गुरू. न्याय कोर्टात मिळतो, बैठकीत नाही, हे त्याला ज्यांनी शिकवलं तेच!

नायेफनं ते वाक्य जन्मभर आपल्या रविवारच्या वर्तमानपत्री सदरात घोळवलं होतं. सकाळीच तो लेकीला म्हणाला होता, "माघार नाही. शब्द देतो."

"बघू हं, बाबा," लुजैन हसली होती. "तुमची मंडळी फार गोड बोलतात."

कडू कॉफीचा पहिला कप अबू गस्सानना दिला. त्यांनी तो ओठांना न लावता समोर ठेवून दिला. मागणं मान्य होईपर्यंत ते पिणार नव्हते. आणि वडीलधाऱ्या पाहुण्याची कॉफी निवू देणाऱ्या यजमानाला गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही.

"उस्ताद, तुम्हीसुद्धा?"

"मलाही गळ घातली रे ठेकेदारानं. आपल्या कलाभवनाचं छप्पर कुणी बांधून दिलं, विसरलास? पोरगं अजाण आहे. तू मोठा माणूस, मन मोठं कर."

"पाय माझ्या लेकीचा मोडलाय!"

"म्हणून तर बापाकडे आलोय."

नायेफनं सगळ्यांकडे पाहिलं. काल फोन करून 'हटू नकोस' म्हणणारेही आज गालिच्याची नक्षी बघत बसले होते. लाज खरं तर त्यांना वाटायला हवी होती. पण मेली वाटली ती नायेफलाच!

"कॉफी प्या," तो म्हणाला.

झालं! दुवा, मिठ्या, पाठीवर थापा. संपादक तर दारातच म्हणाले, "या रविवारी क्षमेवरच लिहा, डॉक्टर. काय शोभेल तुम्हाला!"

पाहुणे गेल्यावर तो एक कप घेऊन लेकीच्या खोलीत गेला. भिंतीपलीकडून तिनं सगळं ऐकलं होतं. प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून ती बसली होती. रडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

तिनं कप घेतला आणि न पिता समोरच्या स्टुलावर ठेवला.

नायेफनं कप तिच्याकडे सरकवला. "असं काय करतेस, पोरी?"

"मलाही मागायचंय. तक्रारीवर सही माझी आहे, ती मी मागे घेत नाही. उद्या कोर्टात साक्ष आहे. सगळ्यांच्या देखत माझ्या शेजारी येऊन बसा."

"मी शब्द दिलाय गं त्यांना."

"मलाही दिला होतात. सकाळी."

मघाशी 'कॉफी प्या' हे दोन शब्द कसे भसकन निघाले होते. आता तेच म्हणायचे, तर दिवाणखान्यात दिलेला शब्द मोडायचा. लुजैन त्याच्याकडे बघत राहिली, आणि स्टुलावरची कॉफी निवत चालली.