दगडाची पुढची बाजू

शॉना जाऊन वर्ष होत आलं तरी तिची रक्षा अजून घरातच होती. स्वयंपाकघरातल्या फळीवर, कॉफीच्या डब्याशेजारी, झाकणाच्या एका साध्या भांड्यात. तिचा नवरा ड्वेन कुचेरा रोज सकाळी कॉफी करताना ते भांडं जरा मागे सरकवी आणि डबा काढून झाला की पुन्हा पुढे आणून ठेवी.

त्याची मेव्हणी डेनीस रविवारी चर्चहून येताना कोलाचे, म्हणजे फळांचा गर भरलेले गोड पाव, घेऊन येई आणि भांड्याकडे बघत तोच विषय काढी. गावापासून तासाभरावर टेकडीवर सैनिकांचं कबरस्तान होतं. ड्वेन स्वतः सैन्यातून सन्मानाने सुटलेला, त्यामुळे तिथे त्याची जागा पक्की होती आणि त्याच्या बायकोचीही. एक अर्ज भरला की काम झालं. माझ्या बहिणीला तू असं मसाल्याच्या बाटल्यांत किती दिवस ठेवणार, असं डेनीसचं म्हणणं.

"मसाल्याच्या नाही, कॉफीच्या," ड्वेन म्हणे. "तिला कॉफी आवडायची."

त्याचं अडलं होतं ते दगडापाशी. त्या कबरस्तानात नवरा-बायकोला मिळून एक दगड असे. पुढच्या बाजूला सैनिकाचं नाव, हुद्दा, कुठल्या युद्धात होता ते. मागच्या बाजूला बायकोचं नाव आणि खाली 'यांची पत्नी'. म्हणजे पुढे ड्वेन, मागे शॉना.

आणि ड्वेन कुठल्या युद्धात होता? कुठल्याच नाही. चार वर्षं त्याने कॅन्ससमधल्या एका छावणीच्या गोदामात बूट आणि रेनकोट वाटले. पायाचं माप विचारायचं, खोकं काढायचं, सही घ्यायची. त्या नोकरीत त्याला झालेली सगळ्यात मोठी इजा म्हणजे अंगठ्यावर पडलेलं खोकं. शॉनाने इराकमध्ये पाण्याचा टँकर चालवला. त्या टँकरचं पाणी पिऊन माणसं जगली. आणि सैन्याच्या दप्तरी ड्वेनच्या नावापुढे 'सन्मानाने', तर शॉनाच्या नावापुढे 'गैरवर्तन'.

तिच्या ताफ्यात एक नियम होता. पुढे काहीही होवो, थांबायचं नाही. एका सकाळी तिच्या पुढचा टँकर उडाला. तो लोरेटा चालवत होती. दोघी एका तंबूत राहायच्या, एकमेकींचे केस कापायच्या. शॉनाने नियम पाळला. जळत्या टँकरला वळसा घातला आणि पुढे निघून गेली. त्याबद्दल तिला शाबासकीही मिळाली.

मायदेशी आल्यावर तिला गाडी चालवता येईना. छावणीत ट्रक बाहेर काढ म्हटलं की ती दार उघडून उभी राही, पण पाय वर टाकता येत नसे. सार्जंटला तो माज वाटला. हुकूम मोडल्याचा एक शेरा पडला, मग दुसरा. मग ती प्यायला लागली. मग एक दिवस बसमध्ये बसली आणि डेनीसकडे निघून आली, ती महिनाभर परत गेलीच नाही. गेली तेव्हा कॅप्टनने समोर बसवून विचारलं, खटला चालवू की सही करतेस? सही केलीस तर गैरवर्तनाचा शेरा घेऊन घरी जाशील. त्याची काळजी करू नकोस, सहा महिन्यांनी तो आपोआप चांगला होतो.

शॉनाने सही केली. सहा महिने सरले तशी ती रोज शेताच्या रस्त्याने टपालपेटीपर्यंत चालत जायला लागली. ड्वेन तेव्हा धान्याच्या कोठारावर कामाला होता. जाता-येता ही बाई दिसे, म्हणून एकदा त्याने पिकअप थांबवून सोडू का म्हणून विचारलं.

"बसते," ती म्हणाली, "पण मी चालवणार नाही."

"चालवायला देतंय कोण?" ड्वेन म्हणाला.

त्यावर ती हसली. त्यानंतर वीस वर्षं ती त्याच्या शेजारच्या सीटवरच बसली.

गावात फार जणांना ती सैन्यात होती हे माहीतच नव्हतं. नोव्हेंबरात सैनिकांचा दिवस येई, तेव्हा चौकातल्या कॅफेत माजी सैनिकांना नाश्ता फुकट असे. पॅनकेक, सॉसेज, हवी तेवढी कॉफी. मालकीण ड्वेनपुढे ताट ठेवून त्याचे आभार मानी आणि शॉनाला विचारी, "तुझं काय गं? तुझं बिल वेगळं करू की याच्याच ताटातलं खातेस?" शॉना हसून पाकीट काढी. ड्वेनने एकदा तोंड उघडलं, तर तिने टेबलाखालून त्याचा गुडघा धरला. पुढच्या वर्षापासून त्या दिवशी ते घरीच अंडी करून खात.

मग खोकला सुरू झाला. इराकमधल्या छावणीत कचरा रात्रंदिवस जळत असे, तिचा तंबू त्या धुराच्या वाऱ्यावर होता. सैनिकांच्या दवाखान्यात गेले तर काउंटरवरच्या बाईने पडद्यावर पाहून सांगितलं की या शेऱ्यावर यांना इथे दाखवता येणार नाही. मग ड्वेनकडे वळून म्हणाली, "तुम्ही मात्र पात्र आहात. तुम्हाला काही होतंय का?" शॉना तिथे खुर्चीत वाकून खोकत होती. ड्वेनने काय उत्तर दिलं ते त्याला आठवत नव्हतं. एवढंच आठवत होतं की पहारेकऱ्याने त्याला दारापर्यंत आणून सोडलं. दुसरीकडे तपासण्या होईपर्यंत फुप्फुसातली गाठ वाढून बसली होती.

शेवटच्या आठवड्यात तिने एकच गोष्ट मागितली. मागितली असंही नाही, बोलता बोलता म्हणाली. "लोरेटाच्या दगडावर तिचा हुद्दा आहे. माझ्यावर काय लिहिशील रे?"

"बघू आपण," ड्वेन म्हणाला होता. त्याच उत्तराचा त्याला आता स्वतःवर राग येत होता.

डेनीसला त्याने हे सांगितलं. ती म्हणाली की मेलेल्या माणसाला पुढची बाजू काय आणि मागची काय, आणि रुमाल शोधायला लागली. सोमवारी तीच त्याला आर्डिसकडे घेऊन गेली.

आर्डिसबाई कौंटीच्या कचेरीत तळघरात बसत. माजी सैनिकांचे अर्ज भरून देणं हे त्यांचं काम. स्वतः नौदलात टंकलेखन केलेलं, आता सत्तरीला आलेल्या, आवाज जहाजाच्या भोंग्यासारखा. ड्वेनने सहा महिन्यांची गोष्ट सांगितली तेव्हा त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"आपोआप," त्या म्हणाल्या. "हे वाक्य मी या खुर्चीत बसून ऐकत ऐकत म्हातारी झाले. आपोआप फक्त दूध नासतं, ड्वेन. शेरा अर्ज केल्याशिवाय एक अक्षरही बदलत नाही. कधीच बदलत नव्हता."

"म्हणजे तो कॅप्टन खोटं बोलला?"

"खोटं बोलला असेल. नाहीतर त्यालाही कुणीतरी तेच सांगितलं असेल. सगळे एकमेकांना सांगतात. लिहून कुणी देत नाही."

ड्वेनला टपालपेटीपर्यंत चालत जाणारी शॉना आठवली. बर्फातसुद्धा जायची. येणारच नव्हतं ते पत्र बघायला. तो उठून खिडकीपाशी गेला. तळघराची खिडकी, बाहेर फक्त लोकांचे बूट दिसत होते. एखादं खोटं बोलून माणूस विसरून जातो, घरी जाऊन जेवतो, आणि इकडे एक बाई त्या खोट्यावर रोज तेवढा रस्ता तुडवते.

बायको मेली असली तरी नवऱ्याला अर्ज करता येतो, असं आर्डिसबाईंनी सांगितलं. ताफ्यातल्या दोघांना शोधून त्यांनी जबान्या मिळवल्या. महिने गेले. शेवटी सुनावणीची तारीख लागली, तीही पडद्यावरच. तळघरात संगणकासमोर ड्वेन आणि आर्डिसबाई बसले. पडद्यावर शेरे बदलण्याचे अर्ज ऐकणाऱ्या मंडळाची तीन माणसं. मधे एक कर्नल, शांत, नीट विंचरलेला.

कर्नलने कागद वाचले. आवाजात अदब होती, त्यामुळे ड्वेनला राग कुठे ठेवावा ते कळेना. कर्नल म्हणाला की तुमच्या पत्नीला मनाचा आजार होता असं अर्जात म्हटलं आहे, पण परत आल्यानंतरची उपचारांची एकही नोंद दिसत नाही.

"साहेब, नोंद कुठून येणार?" ड्वेन म्हणाला. "दवाखान्याने तिला आत घेतलं नाही, कारण शेरा वाईट. आता तुम्ही म्हणता शेरा बदलत नाही, कारण दवाखान्याची नोंद नाही. तिने नेमकं कुठल्या दारातून आत जायचं होतं?"

आर्डिसबाईंनी टेबलाखालून त्याच्या बुटावर बूट ठेवला. मंडळातली एक बाई खाली बघून काहीतरी लिहू लागली.

कर्नलने मान हलवली आणि पुढचं विचारलं. "मिस्टर कुचेरा, तुम्ही स्वतः सन्मानाने सेवामुक्त आहात. पत्नीला तुमच्या हक्काने कबरस्तानात जागा मिळतेच. मग या बदलाने नक्की काय साधणार आहे, एवढंच मला समजून घ्यायचंय."

वर्षभर ड्वेनला हाच प्रश्न सगळ्यांनी विचारला होता. डेनीसने, पाद्र्याने, कबरस्तानातल्या कारकुनाने. सगळ्यांनी चांगल्या मनाने विचारला होता.

"साहेब, मी बूट वाटले," तो म्हणाला. "कॅन्ससमध्ये. माझ्यावर कुणी गोळी तर सोडाच, दगडसुद्धा मारला नाही. माझ्या हक्काने ती कशाला जाईल? माझा कसला हक्क? आमच्याकडे चौदा वर्षांची पोरं शाळेत गाडी घेऊन जातात. म्हाताऱ्या बायका दिसत नसताना चालवतात. किराणा आणायचा तर दुसऱ्या गावाला जावं लागतं. अशा ठिकाणी माझी बायको वीस वर्षं गाडीला हात न लावता राहिली. तुमच्यासाठी वाळवंटात टँकर चालवणारी बाई. घरातलं दूध संपलं की मला कोठारावर फोन करायची. तिचा परवाना बघा. इराकमधून आल्यावर संपला तो तिने परत काढलाच नाही. तुम्हाला नोंद पाहिजे ना? ही घ्या नोंद. आणि तुम्ही तिला लिहिलंत गैरवर्तन."

त्याचा आवाज चढला होता. कर्नलने आभार मानले आणि पडदा काळा झाला.

"बुटावर बूट कशाला ठेवला होता?" ड्वेनने विचारलं.

"तू शिव्या देशील म्हणून," आर्डिसबाई म्हणाल्या. "दिल्या नाहीस. माझ्या तोंडात मात्र आल्या होत्या."

निकाल थंडीत आला. गैरवर्तनाचा शेरा काढून टाकला होता. आता शॉना तिच्या स्वतःच्या नावावर कबरस्तानात जाऊ शकत होती. आर्डिसबाईंनी तळघरात डेनीसलाही बोलावून घेतलं होतं, टेबलावर कोलाचे मांडले होते. ड्वेनने निकाल वाचला आणि शेवटच्या ओळीवर थांबला. 'दयाबुद्धीने मंजूर.'

"दया?" तो म्हणाला. "कुणावर? चूक झाली असं कुठे लिहिलंय?"

"तसं ते लिहीत नाहीत."

"का नाही?"

"ड्वेन, तू जिंकलास. आता खा ना जरा."

"मी दया मागितलीच नव्हती. हे परत पाठवा. म्हणावं, चूक झाली असं लिहा, मग घेतो."

आर्डिसबाईंनी त्याच्या हातातून कागद घेतला आणि आपल्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. "परत पाठवलंस तर ते ठेवून घेतील," त्या म्हणाल्या. "त्यांचं काही अडत नाही. फळीवर शॉना आहे, ते नाहीत."

ड्वेनने एक कोलाचा खाल्ला. जर्दाळूचा होता, शॉनाच्या आवडीचा.

कबरस्तानाच्या कचेरीत कारकून मदतीला तत्पर होता. दोघंही सैनिक आहेत म्हटल्यावर त्याने सांगितलं की आता दोघांना वेगळे दगड मिळू शकतात, किंवा एकाच दगडावर दोघांची नावं पुढच्या बाजूला.

"एकच दगड," ड्वेन म्हणाला. "पुढे ती. नाव, हुद्दा, इराक. माझी वेळ आली की मी मागे."

"पण तुमचीही नोकरी आहे ना? तुमचा हुद्दा लिहिता येईल."

"नको. 'यांचा पती' लिहा."

कारकुनाने फॉर्म उलटसुलट करून पाहिला. पती म्हणून मागे जाणाऱ्या पुरुषांसाठी रकाना होता, पण स्वतः सैनिक असलेल्याने तो निवडलेला त्याने पाहिला नव्हता. तसं तो म्हणालाही. ड्वेनने त्याच्याकडून पेन घेतलं आणि रकान्यात स्वतःच खूण केली.

दफनाच्या दिवशी बर्फ वितळत होतं, टेकडी चिखलाने भरली होती. कॅफेची मालकीण आली होती. ड्वेनशी हात मिळवताना तिला नजर वर करता येईना. बिगुल वाजलं. दोन सैनिकांनी झेंडा ताणून धरला, घडी घालत घालत त्याचा घट्ट त्रिकोण केला. त्यांच्यातला सार्जंट, केस पांढरे व्हायला लागलेला, खुर्चीत बसलेल्या ड्वेनसमोर चिखलात एक गुडघा टेकून बसला आणि झेंडा पुढे करून ठरलेलं वाक्य म्हणाला. तुमच्या पत्नीने इमानाने केलेल्या सेवेबद्दल हा देश कृतज्ञ आहे.

ड्वेनचे हात मांडीवरच राहिले.

"हे तिला सांगायला पाहिजे होतं," तो म्हणाला. "वीस वर्षं होती ती. इथेच राहत होती. पत्ता होता तुमच्याकडे."

सार्जंटला त्या वाक्यापुढचं वाक्य कुणी शिकवलेलं नव्हतं. झेंडा दिल्याशिवाय त्याला उठताही येत नव्हतं. तो तसाच बसून राहिला, हात पुढे धरून. मग हळूच म्हणाला, "हो सर. सांगायला पाहिजे होतं."

मागून आर्डिसबाई वाकल्या. "घे रे आता," त्या कुजबुजल्या, आणि त्यांची कुजबुज सगळ्या टेकडीला ऐकू गेली. "त्याचा गुडघा भिजला. त्याने काय केलंय बिचाऱ्याने?"

ड्वेनने झेंडा घेतला.