टाकायचा चमचा

एकोणीस वर्षं मी लोकांचे उष्टे चमचे धुतले, तेव्हा चमचा ही बारकी वस्तू आहे असं मला कुणी सांगायला येऊ नये. बस डेपोच्या काउंटरवर दिवसाला चारेकशे माणसं उभ्या उभ्या खाऊन जातात. सूप, भात, दही, असेल ते. वाट्या कागदाच्या आल्या त्याला जमाना झाला. खाल्लं की टाकली. चमचे मात्र स्टीलचेच राहिले. लोक ते खिशात घालून नेतात म्हणून मॅनेजरनं एकेकाच्या दांड्याला भोक पाडून ठेवलं होतं. भोकाचा चमचा घरी नेऊन कोण मिरवणार, असं त्याला वाटायचं. तरी जायचेच. आणि त्या भोकात भात अडकायचा, तो काढायला मी होतेच.

बोटांना भेगा पडायच्या त्या आधी थंडीपुरत्या असायच्या, मग बारमाही झाल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सहा महिने हात पाण्यात घालू नका, नाहीतर ही कातडी पुन्हा धरायची नाही. मी म्हटलं, बरं, मग पगार तुम्ही द्याल का? त्या हसल्या नाहीत. अंगठ्याजवळचं बोट तेव्हा पार पेरापर्यंत उकललं होतं. मी ते मॅनेजरला नेऊन दाखवलं. माणूस वाईट नाही, नुसता चिकट आहे. चार माणसांदेखत तो म्हणाला, "मावशी, ज्या दिवशी हे सिंक बंद होईल त्या दिवशी तुम्हाला कुपनच्या खिडकीत बसवतो. खुर्चीसकट." आता सिंक बंद कधी होणार, तर चमचे धुवायचे थांबतील तेव्हा. म्हणजे कधीच नाही. हे त्यालाही ठाऊक होतं नि मलाही.

आमच्या मिस्त्रींना तेवढं ठाऊक नव्हतं. मिस्त्री म्हणजे माझे यजमान. सगळी गल्ली त्यांना मिस्त्री म्हणते, म्हणून मीही म्हणते. खुर्च्या नि खोकी करणाऱ्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षं काढली. तीस वर्षांत त्यांच्या हातची एक वस्तू परत आली नाही, हे ते दिवसाआड ऐकवतात. कारखाना बंद पडल्यावर ते घरीच होते, गल्लीतल्यांची डुगडुगणारी टेबलं सरळ करून देत. एका संध्याकाळी मला मलमाच्या डबीचं झाकण उघडेना. मी ते दातांनी उघडायला बघत होते. त्यांनी डबी काढून घेतली आणि उघडून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी प्लायवुडच्या वखारीतून लाकडाच्या पातळ पापुद्र्यांची गुंडाळी काखोटीला मारून आले. म्हणाले, खाल्लं की टाकायचा चमचा करतो. तुमच्या काउंटरच्या साबण-पाण्यापेक्षा स्वस्त पडला की मॅनेजर झक मारत घेईल.

मला फार बरं वाटलं असं म्हटलं तर ते खोटं होईल. घरात आणखी एक पसारा, एवढंच मनात आलं. आणि झालंही तसंच. सात महिने माझ्या स्वयंपाकघरात लाकूड शिजत होतं. माझा कुकर गेला, इस्त्री गेली, ओट्याचा अर्धा भाग गेला. दिवसभर दुसऱ्यांचे चमचे धुवून यावं, तर घरी आपल्याच नवऱ्याचे चमचे पसरलेले. आधी त्यांनी पुठ्ठ्याचा केला, तो गरम सूपमध्ये मान टाकून बसला. मग लाकडाचा सपाट केला. त्यावर भात राहायचा, सूप काही राहायचं नाही. मग खोलगट करायला गेले, तर दाबताना मधोमध चिरायचा.

परीक्षक होते माझे सासरे. वय ब्याऐंशी, तोंडात एक दात नाही, त्यामुळे ओठ नि हिरड्या भलत्या हुशार. रोज त्यांच्यापुढे एक वाटी दही आणि एक नवा चमचा. एकदा म्हणाले, खिडकीची चौकट चाटल्यासारखं वाटतंय. एकदा ओठात कुसळ गेलं, तर दोन दिवस मुलाशी बोलले नाहीत. दही मात्र रोज संपवत.

शेवटी जमलं. पापुद्र्याचे तुकडे उकळायचे, गरम असतानाच दोन साच्यांमध्ये घालायचे आणि गॅरेजातून आणलेल्या जुन्या जॅकनं वरून दाबायचं. एका दाबात चाळीस. वाळले की एकेकाचा काठ पॉलिशपेपरनं घासायचा. मी म्हटलं, अहो, टाकायचा चमचा आहे, काठ कोण बघणार? ते म्हणाले, "ओठ बघतो." त्या दिवशी सासऱ्यांनी वाटी संपवली, चमचा दोन्हीकडून चाटला आणि नुसतेच बसून राहिले. नावं ठेवायला काही सापडलं नाही, ह्याहून मोठी शाबासकी आमच्या घरात कुणाला मिळालेली नाही.

मॅनेजरनं चमचा उलटासुलटा करून पाहिला, भाव विचारला, दोनदा विचारला, आणि चारशे चमच्यांवर एक दिवस चालवून बघायला कबूल झाला. जमलं तर दर आठवड्याला माल घेणार, सिंक बंद, आणि सोमवारपासून मी खिडकीत. मिस्त्रींनी ते चारशे करायला तीन आठवडे घेतले. काठ घासत बसायचे. मी हात टेकले होते.

गुरुवारी चमचे काउंटरवर गेले. एका गिऱ्हाइकानंसुद्धा तक्रार केली नाही, आणि आमच्या गिऱ्हाइकांना पाणी ओलं असल्याचीही तक्रार असते. एका ड्रायव्हरनं तर चमचा पुसून खिशात घातला. मॅनेजर इतका खूश झाला की दुपारीच त्यानं स्टीलचे भोकाचे चमचे पोत्यात भरून भंगारवाल्याला देऊन टाकले. मी सिंकपाशी कोरड्या हातांनी उभी होते. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. आनंद झालाच मला, का नाही व्हायचा? पण हातांना काय करावं ते कळेना. ते नुसते खाली लोंबत होते.

चारच्या सुमाराला गर्दी ओसरली. उष्ट्या वाट्या-चमच्यांची टोपली भरली होती, ती मागे नेऊन ओतायची होती. वरच चमचे होते, सगळे धड, एकाचाही काठ उचकटलेला नाही. मला ते तीन आठवडे दिसायला लागले. मिस्त्री खिडकीशी बसलेले, चष्मा नाकावर, एकेक चमचा उजेडात धरून बघणारे. हे उकिरड्यात ओतायचं? मी नळ सोडला. खरंच सांगते, मनात काही ठरवलं नव्हतं. हात आपले चालायला लागले. सगळे धुतले, पुसले, मागच्या दारात ट्रेमध्ये उन्हाला पसरले. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ते काही उगाच नाही.

मॅनेजर बाहेर आला, त्यानं ट्रे पाहिला. एक चमचा उचलून वाकवला, हुंगला, जिभेला लावून बघितला. मग फार मायेनं म्हणाला, "मावशी, हे तर परत चालतील की."

मी म्हटलं, अहो, ते टाकायचे आहेत. तो म्हणाला, धड वस्तू कुणी टाकतं का? स्टीलपेक्षा हलके, भोक पाडायची भानगड नाही, हेच चारशे फिरवू की दोन-तीन महिने, मग बघू पुढचं. सिंकचं काय, हे त्याला विचारायची गरजच उरली नाही. नळ माझ्या मागे चालू होता, मीच सोडलेला. आपल्याच हातानं आपल्याच पायावर धोंडा, आणि तोही धुवून पुसून.

घरी गेले तर मिस्त्री पुढच्या आठवड्याचं लाकूड भिजत घालून बसले होते. मी चपला न काढताच सगळं सांगून टाकलं. ते चिडतील असं मला वाटलं. चिडले असते तर सोपं गेलं असतं, मीही चार शब्द बोलले असते. ते नुसते भिजलेल्या लाकडाकडे बघत राहिले. सासरे आतून म्हणाले, एकाला वाईट करता येत नाही नि एकीला टाकता येत नाही, चांगली जोडी जमवली मी.

मिस्त्री पाण्यातला एक पापुद्रा उचलत म्हणाले, "तुझं काही चुकलं नाही. मी तो टाकण्यासारखा केलाच नव्हता."

पुढचे अकरा दिवस मी लाकडाचे चमचे धुतले. ते स्टीलपेक्षा वाईट. खरखरीत कपड्यानं घासावे लागतात आणि ओल्या लाकडावर भेगा जास्त झोंबतात. घरी मिस्त्री वाईट चमचा करायला शिकत होते. मी थट्टा करत नाही. त्या माणसाला ते खरंच येत नव्हतं. पातळ पापुद्रा घेतला, तर हात आपोआप जाड भाग निवडायचा. शेवटी त्यांनी साच्यातच, चमच्याच्या मानेपाशी, एक बारीक पातं बसवलं. दाबताना मानेला आडवी चीर पडते. जेवण होईपर्यंत चमचा टिकतो, पण आत पाणी मुरलं नि वर हात घासला की गेलाच. पॉलिशपेपरही बंद केला. पिंपात घालून गरागरा फिरवायचे, ओठाला लागणार नाहीत एवढे गुळगुळीत झाले की पुरे.

सासऱ्यांचं दही संपल्यावर त्यांनी तो चमचा मला दिला आणि पाण्याचं घमेलं पुढे सरकवलं. म्हणाले, धू. मी धुतला. मोडला नाही. त्यांनी दुसरा दिला, तोही मोडला नाही. मग ते माझ्या हातांकडे बघत म्हणाले, "जपून धुवू नकोस. रोज धुतेस तसा धू." तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मी तो चमचा वाचवत होते. तिसरा मी कामावर धुते तसा धुतला, आणि तो कट्कन मोडला. मला रडू आलं. मिस्त्रींनी दोन्ही तुकडे उचलले, पुसले आणि सांधा बसतो का ते जुळवून पाहिलं. मग काहीतरी आठवल्यासारखं करून खाली ठेवले.

दुसऱ्या दिवशी स्वच्छ दाढी करून, कारखान्यातला जुना कोट घालून ते डेपोवर आले. बरोबर नव्या चमच्यांचं खोकं. मी सिंकपाशीच होते, मला सगळं ऐकू येत होतं. मॅनेजरनं चहा विचारला, तो त्यांनी नको म्हटला. ते उभ्यानंच म्हणाले, "साहेब, तो चारशेचा माल खराब निघाला. परत न्यायला आलोय."

मॅनेजर म्हणाला, खराब? छान चाललेत की. मिस्त्री म्हणाले, लाकूड नीट शिजलं नव्हतं, माझ्या हातून चूक झाली. वरचेवर धुतलं की कुसळं सुटतात. कुणाच्या ओठात, एखाद्या पोराच्या जिभेत गेलं, तर माझं काही नाही, तुमचं काउंटर बंद होईल. हे बदलून आणलेत, हे एकदाच वापरायचे. सगळं एका दमात, खाली बघत. एकोणीस वर्षं झालीत मला त्या जागी, इतकं खोटं इतक्या कष्टानं बोलताना मी कुणाला ऐकलं नाही. तीस वर्षांत ज्यांची एक वस्तू परत आली नाही, ते आपला सगळ्यात चांगला माल आपल्या तोंडानं वाईट ठरवून परत मागत होते.

स्टीलचे तर भंगारात गेलेले. मॅनेजरनं नवा एक नळाखाली धरून चोळला, तो हातात मोडला. त्यानं मान डोलावली. म्हणाला, बरं केलंत कबूल केलंत ते, मिस्त्री, मला पहिल्या दिवशीच त्या लाकडाची शंका आली होती. मिस्त्री म्हणाले, हो, तुमची नजर आहे. मी नळ बंद केला आणि पदराला हात पुसत तिथंच उभी राहिले, कारण बाहेर गेले असते तर बोलून बसले असते.

सोमवारी मी खिडकीत बसले. खुर्ची डुगडुगती होती. मिस्त्रींनी येऊन पायाखाली चकती ठोकून दिली, तेवढ्यापुरतेच आले. आता घरी कारखान्यातले दोन जुने सोबती हाताशी आहेत, रोजचे चारशे निघतात. पातं दाबायची वेळ आली की मिस्त्री जॅकचा दांडा त्यांच्या हातात देतात आणि लाकूड मोजायला जातात.

बोटं भरून येताहेत. डॉक्टरीणबाईंनी मलम अर्ध्यावर आणलंय. ते जुने चारशे पोत्यात घालून पलंगाखाली ठेवलेत. चुलीत घालायला मिस्त्रींचा हात धजत नाही, माझाही नाही. सासऱ्यांना नव्या चमच्यानं दही खायला सांगून पाहिलं, पण परीक्षा संपल्यापासून त्याला ते तोंडच उघडत नाहीत. म्हणून त्यांच्यासाठी पोत्यातला एक बाहेर काढलाय. तेवढा एक मी रोज धुते.